गोल्फ बुडाला नाही, ठेवी बुडाल्या

गॅव्हन मॅकॉर्मॅक यांचं 'द एम्प्टिनेस ऑफ जॅपनीज अफ्लुअन्स' हे पुस्तक १९९६ साली आलं. जपानच्या बबल इकॉनॉमीबद्दल वाचायला सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला हे पुस्तक कधी ना कधी कोणीतरी सुचवतंच. मॅकॉर्मॅक ऑस्ट्रेलियातले पूर्व आशियाचे इतिहासकार. माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण लोकांच्या ठेवींवर चालणाऱ्या व्यवसायांबद्दल आहे आणि त्यात जपानची गोल्फ रिसॉर्ट्स हे मोठं उदाहरण आहे. त्यामुळे या पुस्तकातला रिसॉर्ट्सबद्दलचा भाग मी बारकाईने वाचला. पुस्तक चांगलं आहे, हे आधीच सांगते. पण गोल्फ रिसॉर्ट्स का बुडाली, या प्रश्नाचं उत्तर ते जिथे शोधतं तिथे ते अर्धंच सापडतं. उरलेलं अर्धं कुठे आहे, त्याबद्दल ही पोस्ट.

आधी पुस्तकाचं बलस्थान. जपानमध्ये १९८७ साली 'रिसॉर्ट कायदा' आला. आपल्या भागात विश्रांतीस्थळं उभारायची असतील तर करात सवलत, सरकारी वित्तसंस्थांकडून स्वस्त कर्ज, शेतजमीन आणि वनजमिनीच्या वापराचे नियम सैल, असं ते पॅकेज होतं. जवळपास सगळे प्रीफेक्चर, म्हणजे तिथले प्रांत, आराखडे घेऊन रांगेत उभे राहिले. सगळ्यांच्या आराखड्यात साधारण त्याच तीन गोष्टी: डोंगरात स्कीइंग, किनाऱ्यावर मरिना आणि मधल्या टेकड्यांवर गोल्फ. हे का घडलं, याचं मॅकॉर्मॅक यांचं उत्तर म्हणजे 'दोकेन कोक्का'. बांधकाम कंपन्या, नोकरशाही आणि राजकारणी यांच्या साखळीवर चाललेलं राज्य, असा त्याचा अर्थ. गरज आहे म्हणून बांधायचं हा क्रम उलटतो. बांधत राहायचं असतं, म्हणून गरज शोधली जाते. हे विश्लेषण आजही टिकतं. आपल्याकडचा एखादा रस्ता किंवा नदीकाठ सुशोभीकरण प्रकल्प आठवला तर ते समजायला अडचण येणार नाही.

माझी अडचण पुढे सुरू होते. पुस्तकाचं नावच 'समृद्धीतली पोकळी' असं आहे आणि गोल्फकडेही ते त्याच नजरेने बघतं: श्रीमंतीचा माज, तोडलेल्या टेकड्या, हिरवळीसाठी फवारलेली रसायनं. मग मंदी आली आणि फुगा फुटला. हे वाचून मनात जी गोष्ट तयार होते ती अशी: लोकांकडे पैसा होता तेव्हा ते गोल्फ खेळले, पैसा संपला तेव्हा खेळणं थांबलं, म्हणून रिसॉर्ट्स बुडाली. ही गोष्ट सरळ आहे, नैतिकदृष्ट्या समाधान देणारी आहे, आणि आकड्यांशी मात्र तिचं जुळत नाही.

आकडे बघू. जपानमध्ये गोल्फ मैदानावर खेळणाऱ्या माणसामागे कर असतो, त्यामुळे किती जण खेळले याची नोंद बरी मिळते. १९९२ च्या सुमारास वर्षाला साधारण १० कोटी भेटी नोंदल्या जात होत्या. दहा वर्षांनी, सगळं कोसळून झाल्यावरही, हा आकडा ८ कोटींच्या वरच होता. दरम्यान मैदानं वाढून २,४०० च्या पुढे गेली होती, म्हणून दर मैदानामागे हिशेब केला तर घट पाव हिश्श्याहून थोडी जास्त भरते. त्यात दरही उतरले. म्हणजे धंदा नक्कीच वाईट झाला. पण याच काळात मेंबरशिपच्या बाजारभावाचं काय झालं? १९९० च्या सुरुवातीला शिखर गाठलेले भाव पुढच्या दहा-बारा वर्षांत एक दशमांशाच्याही खाली आले. टोक्योच्या पश्चिमेचा कोगानेई कंट्री क्लब हे नेहमी दिलं जाणारं उदाहरण. शिखरावर असताना त्याच्या एका मेंबरशिपचा भाव ४० कोटी येनच्या घरात होता.

खेळ थोडा घटतो आणि कागद नव्वद टक्क्यांनी पडतो, याचा अर्थ दोन वेगळे धंदे एकाच फाटकाच्या आत चालू होते. एक गोल्फचा. दुसरा ठेवींचा.

हा दुसरा धंदा समजून घ्यायला मुंबई-पुण्याच्या वाचकाला फार लांब जायला नको. 'हेवी डिपॉझिट'वर घर देतात ते तुम्हाला माहीत असेल. भाडं नाही किंवा नावापुरतं, पण सुरुवातीला मोठी रक्कम द्यायची आणि घर सोडताना ती बिनव्याजी परत घ्यायची. मालक ती रक्कम वापरून टाकतो. परत द्यायची वेळ आली की पुढचा भाडेकरू शोधतो आणि त्याच्या डिपॉझिटमधून आधीच्याचं भागवतो. पुढचा भाडेकरू कमी रकमेला तयार झाला की मालकाची पंचाईत.

जपानी गोल्फ क्लबांची 'योताकुकिन' नावाची ठेव जवळपास अशीच चालायची. सभासद होताना मोठी रक्कम ठेव म्हणून द्यायची. तिच्यावर व्याज नाही. साधारण १० वर्षं ती काढता येत नाही. त्यानंतर मागितली तर परत. त्या बदल्यात स्वस्तात खेळण्याचा हक्क, आणि हा हक्क दलालामार्फत विकताही येतो. कंपनीच्या बाजूने बघा: समजा १,००० सभासद आणि प्रत्येकी १ कोटी येन, तर १,००० कोटी येन बिनव्याजी हातात. त्यातून डोंगर कापायचा, हिरवळ घालायची, क्लबहाऊस बांधायचं, आणि उरलेल्यातून पुढच्या मैदानासाठी जमीन घ्यायची. बँकही कर्ज द्यायला तयार, कारण जमिनीचे भाव चढत होते.

ठेव परत करायला पैसा कुठून येणार, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नाही, कारण परत मागायला कोणी येतच नव्हतं. १ कोटीला घेतलेली मेंबरशिप बाजारात ३ कोटींना जात असेल तर क्लबकडे १ कोटी मागायला कोण जाईल? भाव चढते असेपर्यंत ठेव हे देणं फक्त ताळेबंदात होतं. भाव ठेवीच्या रकमेखाली गेला त्या दिवशी गणित उलटलं. आता प्रत्येक सभासदाला बाजारात विकण्यापेक्षा क्लबकडून ठेव परत मागणं फायद्याचं.

आणि इथेच ती १० वर्षांची मुदत महत्त्वाची ठरते. १९८८ ते १९९१ या चढत्या वर्षांत विकलेल्या ठेवी १९९८ ते २००१ मध्ये मोकळ्या होणार होत्या. मंदी १९९१ च्या सुमारास सुरू झाली, पण गोल्फ कंपन्यांच्या दिवाळखोरीची मोठी लाट आली ती नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आणि २००० नंतर. खेळणारे कमी झाल्यामुळे ती आली असती तर एवढी उशिरा आली नसती. मुदतवाढीचे प्रयत्न झाले. पण सभासदाच्या वैयक्तिक संमतीशिवाय क्लबने परस्पर वाढवलेली मुदत त्याच्यावर बंधनकारक नाही, अशी भूमिका तिथल्या न्यायालयांनी घेतलेली होती. पुस्तक १९९६ चं, म्हणजे या तारखा उजाडण्याच्या आधीचं. तेव्हा पुढचं दिसलं नाही म्हणून लेखकाला दोष देणं अन्यायाचं होईल. पण ठेवीच्या करारातली मुदत तेव्हाही कागदावर होती. पुस्तकाचा भर उपभोगावर आहे, देण्यांवर नाही.

ही रचना किती ताणता येते याचा नमुना तर पुस्तकाच्याही आधी समोर आला होता. इबाराकी कंट्री क्लबच्या नावाने केन मिझुनो याच्या कंपनीने सुमारे २,८०० सभासदांची मर्यादा जाहीर केली आणि प्रत्यक्षात ५०,००० हून जास्त मेंबरशिप विकल्या. १९९२ मध्ये त्याला अटक झाली, पुढे शिक्षाही झाली. मैदान पूर्ण व्हायच्या आधीच मेंबरशिप विकली जात होती, म्हणून हे शक्य झालं. त्याच वर्षी संसदेने गोल्फ मेंबरशिप करारांसाठी कायदा केला: मैदान सुरू होण्याआधी सभासद गोळा करण्यावर बंधन, लेखी माहिती देणं सक्तीचं, आणि ठरावीक दिवसांत करार रद्द करण्याचा हक्क. कायदा ठीक होता. पण तो पुढच्या ग्राहकांसाठी होता. आधीच गोळा होऊन मातीत गेलेल्या ठेवींचं तो काही करू शकत नव्हता.

आता मॅकॉर्मॅक यांच्या बाजूने जाणारं उदाहरण, कारण ते मोठं आहे. क्यूशू बेटावरच्या मियाझाकीतलं 'सीगाया'. जुनं नावाजलेलं गोल्फ मैदान, त्याच्याशेजारी ४३ मजली हॉटेल, आणि खऱ्या समुद्राला लागून छताखालचा कृत्रिम समुद्रकिनारा. १९९३ मध्ये सुरू झालं. प्रीफेक्चर, शहर आणि खासगी कंपनी यांची भागीदारी, म्हणजे तिथल्या भाषेत 'तिसरं क्षेत्र'. बांधकामाचा खर्च सुमारे २०० अब्ज येन. मुख्य बँकेने हात आखडता घेतल्यावर फेब्रुवारी २००१ मध्ये कंपनीने न्यायालयात अर्ज केला आणि अमेरिकन फंड रिपलवुडने ते सुमारे १६ अब्ज येनला घेतलं. कृत्रिम किनारा २००७ मध्ये बंद झाला. इथे दुखणं ठेवींचं कमी आणि बँक कर्जाचं व सरकारी हट्टाचं जास्त. दोकेन कोक्काचं विश्लेषण इथे तंतोतंत बसतं. म्हणून मी म्हणते की पुस्तक अर्धं बरोबर आहे: रिसॉर्ट उभं का राहिलं हे ते सांगतं. साधी, खासगी, सरकारचा हात न लागलेली शेकडो मैदानं का बुडाली, हे त्यातून कळत नाही.

नुकसान कोणाचं झालं, हा प्रश्न यावरच अवलंबून आहे. 'माज उतरला' असं म्हटलं की नुकसान श्रीमंतांचं झालं असं वाटतं आणि विषय संपतो. प्रत्यक्षात काय झालं? एप्रिल २००० पासून जपानमध्ये दिवाणी पुनर्वसन कायदा लागू झाला. कंपनी जुन्याच व्यवस्थापनाखाली चालू ठेवून धनकोंच्या बहुमताने देणी कमी करता येऊ लागली. गोल्फ कंपन्यांचे बहुसंख्य धनको म्हणजे त्यांचे सभासद. त्यांच्यापुढे दोन पर्याय: कंपनी मोडीत काढा, बँकेचं तारण आधी वसूल होईल आणि तुमच्या हाती जवळपास काही लागणार नाही, खेळायचा हक्कही जाईल. किंवा ठेवीतला ९० टक्के वा त्याहूनही मोठा भाग सोडून द्या आणि खेळत राहा. बहुतेकांनी दुसरा पर्याय स्वीकारला. यात मोठ्या कंपन्या होत्या, तशीच निवृत्तीची रक्कम घातलेली माणसंही होती.

देणी धुऊन निघालेली ही मैदानं मग स्वस्तात विकली गेली. गोल्डमन सॅक्सने अकॉर्डिया आणि लोन स्टारने पॅसिफिक गोल्फ या कंपन्यांमार्फत प्रत्येकी शंभराच्या आसपास मैदानं जमवली आणि २००५-०६ मध्ये दोन्ही कंपन्या शेअर बाजारात आणल्या. तीच हिरवळ, तेच खेळाडू. फक्त ठेवी परत करायचं ओझं गेलं आणि धंदा नफ्यात चालला. गोल्फलाच गिऱ्हाईक उरलं नव्हतं असं मानलं तर या गोष्टीचा उलगडा होत नाही.

गोल्फविरोधी टीकेशी आपलंही नातं आहे. १९९० च्या आसपास गोव्यात गोल्फ पर्यटनाविरुद्ध आंदोलन झालं आणि त्याच काळात जपानमधले कार्यकर्ते आशियाभरच्या अशा गटांना जोडत होते. ती टीका जमीन, पाणी आणि रसायनांबद्दल होती. ती योग्यच होती, आणि मॅकॉर्मॅक यांचं पुस्तक त्याच कुळातलं आहे. मला तिच्यात फक्त एका प्रश्नाची भर घालायची आहे. एखादा आलिशान प्रकल्प समोर आला की पाणी कुठून येणार हे विचाराच, आणि जोडीला हेही विचारा: बांधायचा पैसा कोणाचा आहे, तो परत कधी द्यायचा आहे, आणि त्या दिवशी तो येणार कुठून? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'पुढच्या ग्राहकाकडून' असं असेल तर मंदी हे फक्त निमित्त असतं.

पुस्तक जरूर वाचा, रिसॉर्टबद्दलचा भाग तर नक्कीच. वाचताना शेजारी एक कोरा कागद ठेवा आणि प्रत्येक प्रकल्पासमोर लिहा: देणं कोणाचं, मुदत कधीची. पुस्तकात गोल्फबद्दल नेमकी हीच नोंद कमी आहे.