'फँड्री'तील हसणारे गाव : पूर्वग्रह, साचा आणि 'दलित चित्रपट' हे बिरूद

चित्रपटातील पूर्वग्रहाचा विचार करताना आपली समीक्षा सामान्यतः पात्रांची गणना करते. खलनायक कोणत्या समाजाचा, मोलकरीण कोणती भाषा बोलते, विनोदी पात्राचा रंग कोणता, एवढे तपासले की विवेचन पूर्ण झाले असे मानले जाते. वस्तुतः गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये पूर्वग्रहाच्या ज्या चढत्या पायऱ्या मांडल्या, त्यांतील पहिली पायरी बोलण्याची आहे : आपसात केलेली कुचेष्टा, विनोद, टोपणनावे. टाळणे, भेदभाव, मारहाण आणि संहार त्यानंतर येतात. म्हणजेच पूर्वग्रह हा पात्राच्या अंगी चिकटलेला गुण नसून तो समूहाचा व्यवहार होय. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (प्रदर्शन २०१४) हा व्यवहारच पडद्यावर आणतो, म्हणून त्याचा येथे विचार करावयाचा आहे.

मराठी चित्रपटात गावकुसाबाहेरचा माणूस यापूर्वी आला नव्हता असे नाही. जब्बार पटेल यांच्या 'जैत रे जैत'मध्ये (१९७७) ठाकर समाज संपूर्ण चित्रपट व्यापून आहे. तो कलाकृती म्हणून श्रेष्ठच आहे. तथापि गाणारा, निसर्गात रमणारा आदिवासी ही प्रतिमाही एक साचाच होय. गौरवाचा साचा तिरस्काराच्या साच्याइतका बोचत नाही, म्हणून तो सहसा ओळखूही येत नाही.

'फँड्री'तील जब्या हा कैकाडी कुटुंबातील शाळकरी मुलगा. कैकाडी भाषेत 'फँड्री' म्हणजे डुक्कर. डुकराचा गावाला विटाळ. पालखीत ते शिरले की पकडण्याचे काम मात्र जब्याचे वडील कचरू माने यांच्याकडे. शेवटच्या दीर्घ प्रसंगात सारे कुटुंब डुकरामागे धावते आणि गाव हसते. हसणाऱ्यांत जब्याचे वर्गसोबती आहेत, त्याला आवडणारी शालू आहे. शाळेत राष्ट्रगीत सुरू होताच कुटुंब स्तब्ध उभे राहते आणि हाती आलेले डुक्कर निसटते. पकडलेले डुक्कर पुढे शाळेच्या भिंतीवरील आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांच्या चित्रांसमोरून नेले जाते. या दृश्यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. प्रस्तुत लेखकास अधिक महत्त्वाचे वाटते ते हसू. कोणीही एक माणूस येथे दुष्ट नाही. गाव मजेत आहे, एवढेच. पूर्वग्रहाला द्वेष लागतोच असे नाही, करमणूकही पुरते. अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो, तेव्हा प्रेक्षकाचे स्थानही त्या बघ्यांतच निश्चित होते.

चित्रपटाची एक उणीव नोंदवणे आवश्यक आहे. शालूला अंतर्विश्व नाही. ती गोरी, वरच्या जातीची आणि अप्राप्य, एवढीच तिची ओळख. पावडर लावून उजळ होऊ पाहणाऱ्या जब्याच्या नजरेतून ती दिसते, हे समर्थन काही अंशी ग्राह्य आहे. पण दिग्दर्शकाची नजर जब्याच्या नजरेहून निराळी आहे, असे तिच्या बाबतीत क्वचितच जाणवते.

याहून गंभीर प्रश्न आपल्या, म्हणजे समीक्षक व अध्यापकांच्या, वर्गीकरणाचा आहे. 'फँड्री'वर 'दलित चित्रपट' हे बिरूद सर्रास लावले गेले. व्यापक राजकीय अर्थाने ते चुकीचे नाही. परंतु कैकाडी ही १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या छायेत जगलेली जमात. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि 'विमुक्त' ही संज्ञा रूढ झाली. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) याच समाजातून आले. अनुसूचित जातींच्या यादीत कैकाडी आहेत, पण केवळ विदर्भातील जिल्ह्यांपुरते, चंद्रपुरातील राजुरा तालुका वगळून. उर्वरित महाराष्ट्रात ते विमुक्त जाती (अ) मध्ये मोडतात. हा भेद जालन्याच्या वेशीवरच आहे. बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजाचा कैकाडी अनुसूचित जातीचा. लगतच्या जालना तालुक्यातील त्याचा सोयरा विमुक्त. जब्याला जे नाव घेऊन चिडवले जाते, तेच नाव घेऊन जातीवरून केलेल्या अपमानास सीमेपलीकडे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. अलीकडे नाही, कारण तो केवळ अनुसूचित जाती-जमातींसाठी आहे.

आपल्या महाविद्यालयांत हा चित्रपट दाखवून 'दलित जाणिवा' या शीर्षकाखाली त्यावर टिपणे लिहून घेतली जातात, तेव्हा वर्गात बसलेल्या कैकाडी विद्यार्थ्याच्या दाखल्यावर मात्र वि.जा.(अ) असे लिहिलेले असते.