सरसकट गौरव आणि गुणविवेक

पारितोषिक या कल्पनेत भेद गृहीत असतो. अनेकांतून मोजक्यांची निवड झाली, म्हणूनच त्या निवडीस अर्थ प्राप्त होतो. हा भेद नाहीसा करून सर्वांनाच मानकरी ठरविले, तर कोणाचा अवमान होत नाही हे खरे. परंतु मग कोणाचा गौरवही होत नाही. या प्रघाताचा विचार करताना हक्क, संधी व गौरव या तीन गोष्टी वेगळ्या ओळखणे अवश्य आहे. हक्क माणूसपणामुळे मिळतो, संधी सर्वांस खुली असावी लागते, गौरव मात्र कृतीने संपादावा लागतो.

यांची सरमिसळ प्रथम दिसते ती परीक्षापद्धतीत. महाराष्ट्रातील दहावीच्या परीक्षेचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ साली भाषाविषयांतील शाळेने द्यावयाचे २० गुण वगळून पूर्ण १०० गुणांची लेखी परीक्षा घेण्यात आली, आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. २०२० साली हे अंतर्गत गुण परत आले व निकाल ९५.३० टक्के झाला. अभ्यासक्रमाचे नवेपण हेही घसरणीचे एक कारण होते, हे मान्य केले तरी विद्यार्थ्यांचे भाषाज्ञान एका वर्षात इतके खालावले आणि पुढील वर्षी इतके उंचावले, असे कोणी म्हणणार नाही. बदलली ती मोजपट्टी. तोंडी परीक्षा हे भाषाशिक्षणाचे आवश्यक अंगच आहे. दोष उत्पन्न होतो तो ती गुणवाटपाचे साधन बनते तेव्हा. २०२१ साली महामारीमुळे परीक्षाच रद्द झाली व निकाल ९९.९५ टक्के लागला. संकटकाळी मुलांचे वर्ष वाया जाऊ न देणे न्याय्य होते. परंतु तो दिलासा होता, गुणवत्तेचा निर्णय नव्हे.

वाङ्मयीन व्यवहारातही हाच प्रकार आढळतो. लहानमोठ्या संमेलनांत सहभागी होणाऱ्या प्रत्येकास प्रशस्तिपत्र द्यावे, प्रत्येक पहिल्या संग्रहाची प्रस्तावना स्तुतिपर असावी, परीक्षणात उणीव दाखविणे हा असभ्यपणा मानावा, असे संकेत रूढ झाले आहेत. याच्या समर्थनार्थ असे म्हटले जाते की, ज्यांच्या घरात पहिल्यानेच कोणी लेखणी हाती धरली, त्यांना उत्तेजन हवे. हा युक्तिवाद हलका नाही. पिढ्यान्‌पिढ्या गुणवत्तेच्या नावाखाली अनेकांना दाराबाहेर ठेवण्यात आले आहे. पण त्यावरील उपाय दार उघडणे हा आहे; आत आलेल्याचे लेखन न वाचताच वाखाणणे हा नव्हे. अशा स्तुतीत नवलेखकाकडून फारशी अपेक्षाच नसल्याची छुपी कबुली असते.

संधी व गौरव यांतील हा भेद यवतमाळ येथे ११ ते १३ जानेवारी २०१९ रोजी भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनात स्पष्टपणे दिसून आला. अध्यक्षपदासाठी निवडणुकीची प्रथा बंद होऊन अरुणा ढेरे यांची एकमताने निवड झाली होती. स्पर्धा टळली, पण कसोटी टळली नव्हती. त्या निवडीमागे काव्य व संशोधन यांचे दीर्घ कार्य उभे होते. नयनतारा सहगल यांचे उद्घाटनाचे निमंत्रण रद्द केले गेल्याने वाद उसळला, आणि अखेर उद्घाटन झाले ते शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर संसार सावरणाऱ्या वैशाली येडे यांच्या हस्ते. निमंत्रण रद्द करणे असमर्थनीय होते. तथापि येडे यांना मिळालेले व्यासपीठ हे साहित्याचे पारितोषिक नव्हते. ज्यांच्याविषयी साहित्य लिहिले जाते, त्यांपैकी एकीला स्वतः बोलण्याची ती संधी होती. तिचे मोल त्यांच्या अनुभवाने व शब्दांनी सिद्ध झाले. तीस दयेचे दान समजणे हा त्यांच्यावर अन्याय ठरेल.

याच जिल्ह्यात दुसऱ्या टोकाचे चित्रही आहे. शेतकऱ्याने आत्महत्या केल्यास त्याच्या कुटुंबाला १ लाख रुपयांचे शासकीय साहाय्य मिळण्यापूर्वी ते प्रकरण जिल्हास्तरीय समितीपुढे येते. नापिकी, कर्जबाजारीपणा, वसुलीचा तगादा यांचे पुरावे तपासले जातात व प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. जमीन कोणाच्या नावे, कर्ज संस्थेचे की विनापरवाना सावकाराचे, यांवर विधवेचे साहाय्य अवलंबून राहते. सार्वजनिक पैशाला काही नियम हवेत, हे उघड आहे. परंतु जो समाज दुःखाची पात्रता इतक्या काटेकोरपणे पारखतो, तोच स्तुती वाटताना पात्रतेचा शब्दही उच्चारीत नाही, ही विसंगती दुर्लक्षिण्याजोगी नाही. जेथे हात सैल हवा तेथे तो आखडतो, आणि जेथे आखडता हवा तेथे सैल सुटतो.

याचे कारण फार दूर शोधावयास नको. प्रशस्तिपत्रास खर्च लागत नाही. हक्क देण्यास मात्र पैसा, शिक्षक, ग्रंथालये व पाणी लागते. हक्काची उणीव गौरवाने भरून काढणे सत्तेला आणि संस्थांना सोयीचे असते, व घेणाऱ्यालाही काही काळ सुखद वाटते. म्हणून सरसकट गौरवाची संस्कृती ही केवळ लाडावलेल्या पिढीची लक्षणे म्हणून हिणवणे अपुरे आहे. ती बव्हंशी देणाऱ्यांच्या कंजूषपणातून जन्मलेली आहे.

अशा स्थितीत समीक्षेचे कर्तव्य दुहेरी ठरते. व्यासपीठ सर्वांस खुले असावे याचा आग्रह तिने धरावा, आणि त्यावर सादर झालेली कृती नीट वाचून तिचे बरेवाईट निर्भयपणे सांगावे. नवख्या लेखकाची कविता काळजीपूर्वक वाचून तिच्यातील फसलेली ओळ दाखवून देणे, हाच त्याचा खरा आदर होय.