न पाहिलेल्या वस्तूचा ठसा

दूरच्या ग्रहाचे चित्र छापताना त्याखाली ‘आर्टिस्ट्स इम्प्रेशन’ अशी ओळ देण्याचा इंग्रजीत प्रघात आहे. आपले लेखक ती देवनागरीत जशीच्या तशी उतरवितात, किंवा ‘काल्पनिक चित्र’ म्हणून मोकळे होतात. दोन्हींत अर्थाची हानी होते.

‘इम्प्रेशन’ म्हणजे मनावर उमटलेला ठसा. मोने या चित्रकाराने हा शब्द आपल्या एका चित्राच्या नावात योजिला. १८७४ साली ते पॅरिसला प्रदर्शनात मांडले गेले आणि लुई लरुआ या टीकाकाराने उपहासाने उचललेल्या त्याच शब्दावरून एका चित्रसंप्रदायास नाव मिळाले. परंतु मोनेने ल हाव्रचे बंदर डोळ्यांनी पाहिले होते. ट्रॅपिस्ट-१ या सुमारे ४० प्रकाशवर्षे दूर असलेल्या ताऱ्याचे सात ग्रह २०१७ साली जाहीर झाले, ते चित्रकाराने कोठे पाहिले? ग्रह समोरून जाताना ताऱ्याचे तेज किंचित उणावते. किती उणावते यावरून ग्रहाचे आकारमान आणि किती काळाने उणावते यावरून त्याचा परिभ्रमणकाल कळतो. त्या ग्रहांच्या चित्रांतील जलाशय मात्र कोणी मोजलेले नाहीत. चित्र पाहणारा पाणी सापडले असे समजून बसतो. २०२३ साली वेब दुर्बिणीने त्यांपैकी सर्वांत आतल्या ग्रहाचे तापमान मोजले, तेव्हा तेथे लक्षणीय वातावरण असल्याची खूणही मिळाली नाही.

तथापि ‘काल्पनिक’ म्हणणेही अन्यायाचे होय. परीकथेतील राक्षस काल्पनिक. हे ग्रह खरे आहेत. नियोजित पुलाच्या चित्रास आपण ‘संकल्पचित्र’ म्हणतो, ते यथार्थ आहे. पण ग्रह उभारण्याचा संकल्प कोणी सोडलेला नाही. म्हणून येथे ‘अनुमानचित्र’ हा शब्द मला अधिक उचित वाटतो. आपल्या न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचे अनुमान करतात. मात्र धुरावरून अग्नी आहे एवढेच कळते, ज्वालेचा रंग कळत नाही. तो रंग चित्रकाराचा.

यास्तव ‘अनुमानचित्र’ या शब्दापुढे मोजलेले काय आणि रंगविलेले काय, हे एका वाक्यात नमूद करावे. अंदाजित रक्कम व प्रत्यक्ष खर्च एकाच रकान्यात मांडलेला कागद आपण कचेरीत स्वीकारीत नाही; मासिकाच्या पानावर तरी तो का स्वीकारावा?