कोरीव रिव्हॉल्व्हरांचा संग्रह आणि पाठचिकित्सेची दृष्टी

धातूचे काडतूस रूढ होण्यापूर्वी, तांब्याच्या टोपीवर घोडा आदळून दारू पेटवणारी जी आघाती रिव्हॉल्व्हरे प्रचारात होती, त्यांच्या संग्राहकांत 'कोरीव' या अर्थाचे विशेषण फार सैलपणे योजिले जाते. वस्तुतः त्या एका शब्दाखाली दोन भिन्न व्यापार झाकले गेले आहेत. त्यांतील भेद लक्षात घेतल्यावाचून या वस्तूंचे मूल्यमापन शास्त्रशुद्ध होऊ शकत नाही.

सॅम्युअल कोल्टच्या रिव्हॉल्व्हरांच्या फिरत्या नळकांड्यावर जे दृश्य दिसते, ते प्रत्येक नळकांड्यावर स्वतंत्रपणे कोरलेले नाही. न्यूयॉर्क येथील नोटांच्या छापांचा कोरक वॉटरमन ऑर्म्सबी याने मूळ चित्र कोरले, आणि त्यावरून सिद्ध केलेला कठीण पोलादी रूळ नळकांड्यावर दाबाने फिरवून ते उमटविले जाई. हार्टफर्ड येथे तयार झालेल्या १८५१ च्या 'नेव्ही' नमुन्याची संख्या दोन लाखांहून अधिक भरते. त्या सर्वांवर टेक्सस व मेक्सिको यांच्या आरमारांचे तेच युद्ध आणि '१६ मे १८४३' ही तीच तिथी आहे. हा मुद्रित पाठ होय. याउलट, प्रशियात जन्मलेल्या गुस्टाव यंगसारख्या कारागिरांनी चौकटीवर व नळीवर छिन्नीने काढलेली वेलबुट्टी प्रत्येक शस्त्रागणिक निराळी असते. तिला हस्तलिखिताची उपमा शोभेल. अनेकदा हे दोन्ही पाठ एकाच शस्त्रावर एकत्र नांदतात.

संग्राहक हस्तकामास श्रेष्ठ मानतो व त्यासाठी कितीतरी अधिक मोल देतो. सौंदर्यदृष्ट्या हा क्रम समर्थनीय असेलही. परंतु प्रामाण्याच्या दृष्टीने तो सदोष आहे. छिन्नीचे काम मागाहून केव्हाही करता येते, आणि साध्या शस्त्रावर पुढील काळात वेलबुट्टी चढवून त्याची किंमत वाढविल्याची उदाहरणे या व्यवहारात परिचित आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करताना जो प्रश्न श्लोकाश्लोकाला विचारला, तोच येथेही विचारावा लागतो : हा भाग मूळचा, की प्रक्षिप्त? केवळ सुंदर आहे म्हणून एखादा श्लोक मूळचा ठरत नाही.

उलटपक्षी, यांत्रिक म्हणून उपेक्षिलेले दृश्य अधिक बोलके साक्षीदार आहे. त्याचा ठसा उथळ असल्यामुळे शस्त्र घासून नवे केले की प्रथम तेच पुसट होते. ते पुन्हा उमटविताही येते, हे खरे. म्हणून निव्वळ दृश्याचे अस्तित्व पुरेसे नाही. त्याची झीज इतर भागांच्या झिजेशी जुळणे, आणि नळकांडे, चौकट व नळी यांवरील अनुक्रमांक एकमेकांशी मिळणे, हाच ग्राह्य पुरावा. लख्ख उजळलेले शस्त्र हे म्हणूनच खरवडून पुन्हा लिहिलेल्या पोथीसारखे संशयास्पद मानले पाहिजे.

तथापि संग्राहकांच्या चिकित्सेतील मोठी उणीव याहून वेगळी आहे. दृश्याचा किती अंश शिल्लक आहे, हे ती काटेकोरपणे मोजते. ते दृश्य काय सांगते, हे मात्र विचारीत नाही. टेक्ससच्या आरमाराने १८३९ साली कोल्टची शस्त्रे विकत घेतली होती; तेव्हा 'नेव्ही'वरील युद्ध हे इतिहासचित्र असूनही विक्रेत्याने दिलेली ग्वाही आहे. १८४७ च्या 'वॉकर' नमुन्यावर टेक्सस रेंजर आणि कोमांची यांची १८४४ मधील चकमक आहे. तीत घोडेस्वार रेंजर पाठलाग करणारे आणि मूलनिवासी पळणारे. ज्या हत्याराने भूमी हिरावली जात होती, त्याच हत्याराच्या अंगावर त्या कृत्याची प्रशस्ती कोरली गेली, आणि एकाच रुळाने ती हातोहाती पोहोचविली.

पाठ शुद्ध करणे ही चिकित्सेची पहिली पायरी. त्याचा अर्थ लावणे ही दुसरी. ऐंशी टक्के दृश्य शिल्लक असल्याचे समाधान मानून जो संग्राहक थांबतो, त्याच्याजवळ पोथी आहे, पण ती त्याने वाचलेली नाही.