सुधारणा कोणाच्या हिशेबाने? : मोजे विणणाऱ्या यंत्राचे दोन इतिहासकार

मराठीतली एक अडचण आधी सांगतो. मागावर उभ्या-आडव्या धाग्यांचे कापड होते, तेही आपण 'विणतो'. आणि एकाच धाग्याचे फास एकमेकांत ओवून स्वेटर होतो, तोही आपण 'विणतो'. क्रियापद एकच. त्यामुळे 1811-12 साली इंग्लंडमध्ये यंत्रे फोडणारे लडाइट आपल्या लेखनात सरसकट 'विणकर' होतात, त्यांनी फोडलेली यंत्रे 'यंत्रमाग' होतात आणि नव्या यंत्राला भ्यालेल्या जुन्या कारागिराची तयार गोष्ट आपल्या हाती येते. लँकेशायरात यंत्रमाग फुटले, हे खरे. पण चळवळीला तोंड फुटले ते नॉटिंगहॅमच्या परिसरात, आणि तिथे फुटली ती मोजे विणण्याची चौकट. ती नवी नव्हती. तिची मूळ रचना तेव्हा 200 वर्षांहून जुनी होती.

मीही बरीच वर्षे ती तयार गोष्टच खरी मानत होतो. मला तिच्यातून बाहेर काढले ते दोन जुन्या पुस्तकांनी. पहिले ग्रेव्हनर हेन्सन याचे, 1831 सालचे. दुसरे विल्यम फेल्किन याचे, 1867 सालचे. विषय एकच, मोजे आणि लेस यांच्या यंत्रांचा इतिहास. दोघेही नॉटिंगहॅमचे, दोघांनीही स्वतः चौकटीवर काम केलेले. तरी यंत्रात 'सुधारणा' झाली असे म्हणताना दोघांच्या मनात एकच गोष्ट नसते, आणि या लेखाला कारण तेवढेच.

आधी यंत्र. सुयांवर हाताने विणताना एक टाका झाला की दुसरा. कॅल्व्हर्टनच्या विल्यम ली याने 1589 साली प्रत्येक टाक्याला स्वतंत्र सुई दिली. सुया एका ओळीत, आडव्या बसवलेल्या. सुईचे टोक मागे वळवून आणलेले, लांब आणि लवचीक. तिकडचे कामगार त्याला 'दाढी' म्हणत. धागा सुयांवर आडवा टाकायचा. सुयांमधल्या फटींत पातळ पत्रे उतरतात आणि त्या धाग्याचे फास पाडतात. हे नवे फास दाढ्यांखाली सरकतात. मग वरून एक पट्टी सगळ्या दाढ्या एकदम दाबते, त्या मिटतात, आणि आधीच्या ओळीचे फास मिटलेल्या दाढ्यांवरून घसरून नव्या फासांवरून पलीकडे पडतात. एक ओळ झाली. हात, पाय आणि डोळे तिन्ही कामात गुंतलेले.

हे सुचले कसे, याबद्दल दंतकथाच हाती लागतात. एका कथेत ली ज्या मुलीच्या मागे असतो तिचे लक्ष त्याच्यापेक्षा तिच्या विणकामात अधिक असते. दुसरीत त्याची बायको पोटासाठी विणत बसलेली असते. आल्फ्रेड एल्मोरने 1847 साली त्यावर चित्र काढले आणि कथा पक्की झाली. एलिझाबेथ राणीने लीला एकाधिकाराचे पत्र नाकारले, तो फ्रान्सला गेला, 1610 साली त्याचा आश्रयदाता चौथा हेन्री मारला गेला आणि पुढे लीही तिकडेच वारला, ही हकिगत सगळीकडे सापडते. मला त्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो ॲस्टन नावाचा माणूस. हा लीचा शिकाऊ, पेशाने पिठाच्या गिरणीवाला. फास पाडणाऱ्या पत्र्यांच्या मांडणीत त्याने बदल केला आणि चौकट चालवायला सोपी झाली, असे श्रेय त्याला देतात. त्याच्यावर कोणी चित्र काढलेले नाही.

त्यानंतरची मोठी पायरी जेडेडाया स्ट्रटची. घरी विणणाऱ्यांना 'एक सुलट, एक उलट' सांगावे लागत नाही. मोज्याची, स्वेटरची ताणणारी पट्टी त्यानेच होते. लीच्या चौकटीवर मात्र सगळे टाके एकाच बाजूचे पडत. आडव्या सुयांच्या पुढे उभ्या सुयांचा दुसरा संच बसवून हवे ते फास उलटे करण्याची युक्ती स्ट्रट आणि त्याचा मेहुणा वूलॅट यांनी 1758-59 मध्ये पेटंट केली. मूळ कल्पना रोपर नावाच्या एका कामगाराची, असेही सांगतात. ही युक्ती म्हणजे जोड होती. जुनी चौकट जशीच्या तशी, तिला पुढून एक साधन लावलेले. अठराव्या शतकातल्या बहुतेक सुधारणा अशाच, जुन्या घराला काढलेल्या पडवीसारख्या. पडवीतून उत्पन्न मात्र भरपूर आले. स्ट्रट आणि नॉटिंगहॅमचा मोजे-व्यापारी सॅम्युएल नीड हे 1771 साली क्रॉमफर्डच्या सूतगिरणीत आर्कराइटचे भागीदार झाले. गिरणीयुगाच्या पहिल्या भांडवलात मोज्यांचा पैसा होता, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा नसते.

आता 1811. भांडणाच्या मुळाशी होती रुंद चौकट. नेहमीच्या चौकटीवर मोजा आकारातच विणला जाई: घोट्याकडे येताना कडेचे फास आतल्या सुयांवर घेऊन रुंदी कमी करायची. कड त्यामुळे बांधलेली राहते. रुंद चौकटीवर सरळ सलग कापड विणायचे, त्यातून कात्रीने मोज्याचे आकार कापायचे आणि शिवायचे. विणलेले कापड कापले की फास मोकळे होतात. शिवण उसवली की मोजा सुटत जातो. दुकानात दोन्ही मोजे सारखेच दिसत, चार धुण्यांत फरक कळे. स्वस्त मालाने चांगल्या मालाचा भाव पाडला आणि भावाबरोबर मजुरीही. त्यात शिकाऊपणाची मुदत न भरलेले लोक कामावर घेतले जात. म्हणून चौकटी निवडून फुटत. शेजारची रीतसर मजुरी देणारी चौकट शाबूत राही.

27 फेब्रुवारी 1812 रोजी बायरन लॉर्डांच्या सभागृहात या लोकांच्या बाजूने बोलला. भाषण निधड्या छातीचे आहे, आणि नव्या पद्धतीचा माल हलका असतो हेही तो नोंदवतो. पण त्याचा मुख्य मुद्दा असा की एका विशिष्ट यंत्राने एक माणूस अनेकांचे काम करू लागला आणि बाकीचे बेकार झाले. म्हणजे कैवारी सुद्धा तयार गोष्टीतच अडकला. चौकट फोडणाऱ्याला फाशी देण्याचा कायदा त्याच वर्षी झाला.

हेन्सनचा मार्ग वेगळा. कामगारांच्या वतीने संसदेत विधेयक नेऊन कापून शिवलेला माल रोखावा, मजुरीतली लबाडी थांबवावी, ही त्याची खटपट. 1812 साली विधेयक कनिष्ठ सभागृहात टिकले, लॉर्डांनी बुडवले. 1817 मध्ये त्याला खटल्याशिवाय तुरुंगात ठेवले. अशा माणसाने लिहिलेला यंत्राचा इतिहास पसरट आहे, रागीट आहे आणि अर्धाही आहे; दुसरा भाग निघालाच नाही. पण यंत्र त्याच्या हाताला माहीत आहे. एखादी युक्ती आली की माल कसा झाला आणि करणाऱ्याच्या हाती काय पडले, हे तो विचारतो. माझ्या मते ते पुस्तक त्या प्रश्नासाठी वाचावे, सनावळीसाठी नाही.

सनावळीसाठी फेल्किन. लहानपणी चौकटीवर बसलेला हा मुलगा पुढे लेसचा कारखानदार आणि नॉटिंगहॅमचा महापौर झाला. त्याचे पुस्तक नीटनेटके, शोधक आणि पेटंटे यांच्या क्रमाने चालणारे. तो निष्ठुर नाही. 1844 साली त्याने चौकटींची मोजणी केली, ती 48,000 च्या वर भरली, आणि त्या चालवणाऱ्यांची दैना त्याला ठाऊक होती. खटकते ते त्याच्या पुस्तकाच्या मांडणीत. यंत्रांची प्रकरणे आणि दैनेची प्रकरणे वेगळी पडतात, जणू एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

संबंध होता, आणि तो चौकटीच्या भाड्यात होता. कामगार दुसऱ्याच्या मालकीच्या चौकटीवर काम करी आणि तिचे साप्ताहिक भाडे मजुरीतून कापले जाई. काम अर्धे मिळाले तरी भाडे पूर्ण. साहजिकच मालक आणि मधले दलाल तेवढेच काम जास्त चौकटींवर पसरत. मोज्यांशी संबंध नसलेल्यांनीही भाड्यासाठी चौकटी घेऊन ठेवल्या. जुनी चौकट उभ्या उभ्या उत्पन्न देत असताना नवे यंत्र कोण बसवील? ब्रुनेलने 1816 सालीच गोल विणणारे यंत्र पेटंट केले होते. ते कित्येक वर्षे कोपऱ्यात राहिले. तेव्हा मजुरांच्या अज्ञानामुळे सुधारणा अडली, हे म्हणणे उलटे आहे. भाडे मिळत होते म्हणून अडली.

अडसर हलला तो एका सुईने. लेस्टरच्या मॅथ्यू टाउनसेंडने 1840 च्या दशकाच्या अखेरीस जी सुई आणली तिच्या आकड्याला छोटी बिजागरीची जीभ होती. नवा धागा पकडून सुई मागे गेली की जुना फासच जीभ ढकलतो आणि आकडा बंद करतो. पट्टीने दाबावे लागत नाही. फ्रान्समध्ये जांदोने 1806 मध्येच असे पेटंट घेतले होते, पण कारखान्यांत चालली ती टाउनसेंडची. माझ्या मावशीकडे स्वेटर विणायचे घरगुती यंत्र होते. त्याच्या मोडलेल्या सुया मी शाळेत असताना बदलत असे. जीभ वाकली की तेवढाच टाका सुटे, आणि मावशी चिडून म्हणे, "बघ रे, कुठली मुकी झाली." ली आणि टाउनसेंड ही नावे वाचली तेव्हा ती मुकी सुई मला आठवली.

विल्यम कॉटनचे 1864 सालचे यंत्र अनेक मोजे एकाच वेळी, कड बांधून, आपोआप आकारात विणू लागले. त्यात सुई मात्र लीचीच, दाढीची. ज्या मालासाठी कामगार झगडले तो चांगला मोजा यंत्राने शेवटी केला, पण त्यांच्या चौकटी जाऊन. भाडे कापण्याला कायद्याने मनाई झाली ती 1874 साली. फेल्किन त्याच वर्षी वारला. हेन्सनला जाऊन तेव्हा 22 वर्षे झाली होती.