जिवाचा पत्ता : अमर मांत्रिकाची कल्पना आणि तिचे वाङ्मयीन मोल

भयानक आणि अद्भुत या दोन रसांची सीमा जेथे पुसट होते, तेथे अमर मांत्रिकाची आकृती उभी राहते. तो मरण पावलेला असतो आणि तरीही राज्य करीत असतो. त्याचे ज्ञान अपार असते, परंतु ते ज्ञान त्याने ज्या देहाने मिळविले तो देह केव्हाच कुजून गेलेला असतो. ही आकृती आज सर्वांत अधिक पसरली आहे ती कोणत्याही कादंबरीमुळे नव्हे, तर एका खेळामुळे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात चारपाच जण एका मेजाभोवती बसतात, प्रत्येक जण एका कल्पित पात्राची भूमिका घेऊन बोलतो, एक सूत्रधार त्या पात्रांभोवतीचे जग शब्दांनी उभे करतो आणि जेथे निकाल संशयास्पद असेल तेथे फासे टाकले जातात. या खेळाच्या 1975 मधील ‘ग्रेहॉक’ नामक पुरवणीत ‘लिच’ प्रथम आला. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ केवळ ‘प्रेत’ एवढाच होता. खेळाने त्याला ‘स्वेच्छेने प्रेत झालेला महामांत्रिक’ हा अर्थ दिला.

अशा आकृतीचा विचार वाङ्मयसमीक्षेने करावा काय, हा प्रश्न साहजिक आहे. खेळ म्हणजे वाङ्मय नव्हे, असे म्हणून तो टाळता येतो. लोकप्रिय आहे त्या अर्थी मोलाचे असलेच पाहिजे, असे म्हणूनही टाळता येतो. दोन्ही उत्तरे सारखीच आळशी होत. विचारावयाचे ते एवढेच, की या कल्पनेने मानवी अनुभवाचा कोणता भाग हाती घेतला आहे आणि त्याची संघटना ती कोणत्या तत्त्वावर करते.

प्रथम कल्पनेचे स्वरूप पाहावे. या मांत्रिकाचा जीव त्याच्या देहात नसतो. खेळाच्या 1977 च्या राक्षसकोशात त्याच्या अस्तित्वाला एका रक्षापात्राचा आधार असल्याचे सांगितले होते. त्यासाठी योजलेल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आपल्या ‘ताईत’ या शब्दाहून फार निराळा नाही. पुढे हा ताईत म्हणजे जीव साठविण्याची कुपीच ठरली, आणि 2025 च्या राक्षसकोशात तर जुना शब्द बाजूस सारून ‘जिवाचे भांडे’ अशा अर्थाचा शब्द आला. देह नष्ट झाला तरी भांडे शाबूत असेपर्यंत मांत्रिक काही दिवसांत पुन्हा देह धारण करतो. 2014 च्या आवृत्तीने या कल्पनेत एक अर्थपूर्ण भर घातली होती : त्या ताइतास अधूनमधून दुसऱ्यांचे जीव खाऊ घालावे लागतात. अमरत्व एकदा मिळवून संपत नाही; ते रोज कोणाच्या तरी मोलाने चालवावे लागते. सत्तेविषयीचे हे निरीक्षण केवळ खेळापुरते नाही.

भारतीय वाचकाला यातील मूलकल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्या पुराणकथांत अमरत्वाचा विचार पुष्कळ झाला आहे. न मागता लाभलेले चिरंजीवित्व हा शाप असतो. भळभळत्या जखमेसाठी तेल मागत हिंडणारा अश्वत्थामा ही लोकमानसातील त्याची प्रतिमा. मागून घेतलेले अमरत्व हिरण्यकशिपूपाशी आहे, आणि त्याचा मृत्यू वराच्या शब्दांतच दडलेला आहे. जीव देहाबाहेर ठेवण्याची कल्पना तर मराठी भाषेच्या अंगातच मुरली आहे. संकट टळले की आपला ‘जीव भांड्यात पडतो’, वाट पाहताना तो ‘टांगणीला लागतो’, मरणाऱ्याचा जीव लेकरांत ‘अडकतो’, आणि अतिप्रिय माणूस ‘गळ्यातला ताईत’ होतो. खेळाने ज्यासाठी नियम रचले, ते मराठी माणूस रोजच्या बोलण्यात सहज उच्चारीत असतो. मात्र एक फरक आहे. आपल्या वाक्प्रचारांत जीव बाहेर जातो तो माया असल्यामुळे. मांत्रिक तो बाहेर काढतो तो भयामुळे.

हा फरक जिच्यात पूर्णपणे उमलला आहे अशी एक कथा दख्खनच्या भूमीवरच सांगितली गेली. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांची कन्या मेरी फ्रियर ही 1865-66 च्या हिवाळ्यात वडिलांबरोबर दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर असताना तिच्या आयेने, अ‍ॅना लिबेराता डिसूझा हिने, तिला आपल्या आजीकडून ऐकलेल्या कथा सांगितल्या. 1868 साली लंडनमध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नावाने त्या प्रसिद्ध झाल्या. त्यांतील पहिलीच कथा पंचकिन नावाच्या मांत्रिकाची आहे.

पंचकिनने बालना या राजकन्येला कुत्रीचे रूप देऊन पळवून नेले आहे. तिला शोधावयास आलेल्या राजपुत्रांना त्याने दगड आणि झाडे करून टाकले आहे. बारा वर्षे ती त्याच्या मनोऱ्यात कैदेत आहे, आणि बारा वर्षे त्याच्याशी लग्न करण्याचे नाकारीत आहे. तिचा मुलगा मोठा होऊन तिचा माग काढतो, माळिणीच्या मुलीच्या वेषात फुले घेऊन तिच्यापर्यंत पोहोचतो, आणि मांत्रिकाचा जीव कशात आहे ते काढून घेण्यास आईला सांगतो. ती लग्नाला होकार दिल्याचे दाखवून विचारते, आणि तो सांगतो : दूर निर्जन अरण्यात ताडांचे एक रिंगण, त्याच्या मध्यभागी एकावर एक रचलेले पाण्याचे सहा हंडे, सर्वांत खालच्या हंड्याखाली पिंजरा, पिंजऱ्यात एक लहानसा हिरवा पोपट. तो मेला की मांत्रिक मेला.

या कथेचे केंद्र कोठे आहे? मांत्रिकाच्या सामर्थ्यात नव्हे. ते सामर्थ्य चारदोन वाक्यांत सांगून कथा मोकळी होते. पोपट मिळविण्याच्या साहसातही नव्हे. गरुडाच्या पिलांनी मुलाला तेथवर वाहून नेणे हा अद्भुताचा ठरीव भाग आहे. केंद्र आहे ते त्या प्रश्नोत्तराच्या क्षणात. ज्याने जीव इतका खोल लपविला, ज्याच्या रहस्यावर हजारो पिशाचांचा पहारा आहे, तो ते रहस्य स्वतःच्या तोंडाने का सांगतो? बालनेने त्याला जिंकलेले नाही. तिच्यापाशी मंत्र नाही, शस्त्र नाही. तिने फक्त विचारले आहे. पण बारा वर्षांत त्याच्याविषयी काही जाणून घ्यावेसे वाटणारे ते पहिलेच माणूस आहे. ज्याने भोवतालच्या सगळ्यांना दगड केले, त्याच्याशी बोलावयास कोणी उरलेलेच नसते. सर्वशक्तिमानाचा हा एकांत कथा कोठेही वर्णन करीत नाही. तो सांगून टाकतो, एवढ्या एका कृतीतून त्याची प्रतीती येते. रहस्य फुटते ते निष्काळजीपणामुळे नव्हे. कोणापाशी तरी बोलावे ही गरज मृत्यूच्या भयाहूनही प्रबळ ठरते म्हणून. कथेचा शेवट क्रूर आहे. पोपटाचा पंख उपटला की मांत्रिकाचा हात गळून पडतो. तथापि त्या क्रौर्याच्या आधी मुलगा मांत्रिकाकडून सगळ्या दगडांना पुन्हा माणसे करून घेतो. आधी हिरावलेले परत, मग मृत्यू, या क्रमात लोककथेचा न्याय आहे.

त्याच संग्रहातील सोदेवाबाईची कथा शेजारी ठेवली म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. या राजकन्येचा जीव जन्मतःच गळ्यातल्या सोन्याच्या हारात आहे. तो दुसऱ्या कोणी गळ्यात घातला की ती निष्प्राण होते. युक्ती तीच, पण तिने ती योजलेली नाही. येथे देहाबाहेरचा जीव म्हणजे सामर्थ्य नव्हे, तर कोणाच्याही हाती जाऊ शकणारे आपले आयुष्य. एकाच कल्पनेतून एकीकडे जुलमी पुरुषाची तटबंदी आणि दुसरीकडे स्त्रीचे परस्वाधीनत्व उभे राहावे, यावरून दिसते की कल्पनेला स्वतःचा अर्थ नसतो. ती कोणत्या संबंधात गुंफली गेली यावर तिचा अर्थ ठरतो.

या कसोटीवर खेळातील मांत्रिक कसा उतरतो? पंचकिनपासून लिचपर्यंत सरळ वंशावळ जोडण्याचे कारण नाही. रशियन लोककथेतील कोश्चेईप्रमाणे ही कल्पना अनेक देशांत वावरते. परंतु तुलना करणे योग्य आहे. 1978 साली छापील स्वरूपात आलेल्या ‘टूम ऑफ हॉरर्स’ या कथासूत्रातील अ‍ॅसेरेराक या मांत्रिकाची केवळ कवटी उरली आहे. त्याच्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर सापळ्यामागून सापळे आहेत, आणि सापळ्याशी संवाद होत नसतो. तेथे बुद्धीची परीक्षा होते, भीतीही वाटते. पण मांत्रिकाला विचारण्यासारखे काही नसते आणि त्याच्यापाशी सांगण्यासारखेही काही उरलेले नसते. हा भयानक रसाचा सांगाडा आहे.

व्हेक्ना या दुसऱ्या मांत्रिकाची कथा याहून सखोल आहे. 1976 च्या पुरवणीत तो प्रथम दिसला तो केवळ एक तुटलेला हात आणि एक डोळा या रूपाने. हे अवयव तोडले त्याच्या विश्वासू सेनानीने, कास याने. आणि कासला फितविले ते व्हेक्नाने स्वतः त्याला बहाल केलेल्या तलवारीने. ती तलवार बोलत असे. ज्याला कोणी विचारणारे नव्हते त्याच्या हातचे शस्त्रच अखेर दुसऱ्या कोणाशी बोलू लागले, हा उपरोध लोककथेला शोभणारा आहे. पोपटाचे पंख आणि मांत्रिकाचे हात यांच्यामधील जुने नाते येथे पुन्हा जिवंत झाले आहे.

नियमग्रंथ वाचला असता मात्र आकड्यांचेच राज्य दिसते : मांत्रिकाचे बळ किती, आघात किती सोसतो, किती दिवसांत परततो. पण नियमग्रंथ म्हणजे खेळ नव्हे, जसे रागाचे आरोहावरोह म्हणजे मैफल नव्हे. खेळ मेजावर घडतो, आणि तेथे सूत्रधार मांत्रिकाच्या मुखाने बोलतो. एखादा खेळाडू तलवार न उपसता त्याला विचारू शकतो, की तू हे कशासाठी केलेस? त्या प्रश्नाला सूत्रधाराने दिलेले उत्तर कोणत्याही ग्रंथात नसते. त्या रात्री, त्या श्रोत्यांसमोर ते प्रथम जन्मते. अ‍ॅनाच्या आजीची कथा अशाच रीतीने जगली होती. या खेळाची वाङ्मयीन शक्यता असेल तर ती या मौखिकतेत आहे. सामर्थ्याच्या कोष्टकांत नाही.

मृत्यूपलीकडच्या सामर्थ्याशी बोलण्याची गरज किती खरी आहे, याची साक्ष राजधानी दिल्लीतच मिळते. फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात वसविलेल्या फिरोजाबादच्या अवशेषांत, तोपऱ्याहून आणलेल्या अशोकस्तंभाखालच्या कमानींत आणि कोनाड्यांत, लोक गुरुवारी जिनांच्या नावे अर्ज ठेवतात. अर्जांच्या अनेक प्रती निरनिराळ्या कोनाड्यांत ठेवल्या जातात, जणू एकाच कचेरीच्या निरनिराळ्या विभागांकडे त्या पाठवावयाच्या आहेत. आनंद विवेक तनेजा यांनी 2017 साली प्रसिद्ध झालेल्या ‘जिनिऑलॉजी’ या ग्रंथात ही प्रथा 1977 च्या सुमारास, आणीबाणी संपल्यानंतर, आढळू लागल्याचे दाखविले आहे. जिन हे मृत मांत्रिक नव्हेत. तो गोंधळ करता कामा नये. परंतु बालनेच्या प्रश्नाची ही उलट बाजू आहे. ती अदृश्य सत्तेचे रहस्य विचारते. येथे अर्जदार अदृश्य सत्तेला स्वतःचे रहस्य सांगतो, आपला पत्ता देतो. दोन्हीकडे दुर्बळापाशी एकच साधन आहे, ते म्हणजे शब्द.

मराठी समीक्षेने अशा कथांकडे पाहिले ते बहुधा लोकसाहित्याच्या अभ्यासकांवर सोपवून. दुर्गा भागवत यांच्या ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ या 1956 च्या ग्रंथापासून त्या अभ्यासाने मोठे काम केले आहे, आणि कथाबीजांच्या जागतिक सूचीत देहाबाहेरच्या जिवाला ई 710 हा क्रमांकही मिळालेला आहे. क्रमांक आवश्यक असतो. पण पंचकिनची कथा ई 710 असल्यामुळे चांगली नाही, जसा व्हेक्ना त्याच्या आकड्यांमुळे भयंकर नाही. सूची सजातीय कथा दाखविते. त्यांतील कोणती श्रेष्ठ आणि कशामुळे, हे सांगण्याचे काम समीक्षेचे आहे. ते तिने बालवाङ्मय किंवा करमणूक म्हणून दूर लोटले, तर अद्भुताविषयीची तिची भाषा दरिद्रीच राहील.

या उपेक्षेची किंमत अ‍ॅनाच्या ग्रंथातच दिसते. तेथे तिची जीवनकथा तिच्या स्वतःच्या वळणाच्या बोलीत छापली आहे, आणि कथा मात्र संपादिकेच्या सफाईदार इंग्रजीत आहेत. आजीच्या ओठांवरची कथा देह सोडून दूरदेशीच्या पिंजऱ्यात सुरक्षित राहिली. ती वाचली, पण तिचा आवाज मागे राहिला. आज दिल्ली वा पुण्यातील तरुण रात्री मेजाभोवती फासे घेऊन बसतो तेव्हा तो या मांत्रिकाला इंग्रजीतच भेटतो आणि परका समजतो. त्याचा एक भाऊबंद दख्खनच्या वाटेवर एका आयेने ओळखला होता, त्याला कोठे गाठावे हेही तिला ठाऊक होते. तिच्याकडून शिकावयाचे ते एवढेच : बलाढ्याच्या सामर्थ्याची मोजदाद करीत बसू नये, त्याच्या जिवाचा पत्ता विचारावा. तो सांगतो, कारण विचारणारे दुसरे कोणी त्याने शिल्लक ठेवलेले नसते.