मोडेन, पण कुठे?

मराठी माणूस मोडेल पण वाकणार नाही, असं आपण छाती फुगवून सांगतो. मराठी शब्दाला तेवढी चैन नाही. त्याला मोडावंच लागतं, आणि कुठे मोडू, हे त्याला कुणी विचारत नाही.

मुळात आपले शब्द लांब. हिंदीवाले 'से', 'को', 'के लिए' सुटे लिहून मोकळे होतात. आपण प्रत्यय, शब्दयोगी अव्ययं, सगळी एकत्र कुटुंबासारखी शब्दाला चिकटवून ठेवतो. 'महानगरपालिकेकडूनसुद्धा' हा एकच शब्द! मोबाइलवर तो अख्ख्या ओळीचा मालक होतो. त्यात वाचणाऱ्याला चाळिशी लागली असली आणि त्यानं अक्षर मोठं करून घेतलं असलं, की ओळीत दीड शब्द मावतो. त्या अर्ध्या शब्दाचं काय करायचं, हा खरा प्रश्न आहे.

पूर्वजांना ही चिंता नव्हती. मोडीत आधी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं टांगत जायची. शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धतच नव्हती. कागद संपला की ओळ संपली, शब्द अर्धा राहो की पाव. पुढे छापखाने आले, एकोणिसाव्या शतकात मेजर कँडीसाहेबांनी मराठीला विरामचिन्हं लावून दिली आणि वर्तमानपत्रांच्या अरुंद रकान्यांत ओळीच्या टोकाला आडवी रेघ दिसू लागली. पण ती रेघ ठेवणारा जुळारी मराठी बोलणारा होता. 'महाराष्ट्र' मोडायचाच तर 'महा' वर नि 'राष्ट्र' खाली, एवढं त्याच्या बोटांना कळत असे.

आता जुळाऱ्याच्या खुर्चीवर वेबची मानकं बसली आहेत. ती डब्ल्यूथ्रीसी नावाची आंतरराष्ट्रीय संस्था ठरवते. नियम कागदावर झकास आहेत. 'हायफन्स : ऑटो' म्हटलं की ब्राउझर योग्य जागी शब्द मोडून रेघ घालणार. अट एकच, पानाची भाषा आधी सांगायला हवी. मराठीसाठी 'एमआर' ही दोन अक्षरं पुरतात. पण कितीतरी मराठी पानांवर ती नसतात, किंवा साच्यात आयतं आलेलं इंग्रजीचं 'ईएन' तसंच राहतं. म्हणजे घरात शुद्ध मराठी आणि रेशनकार्डावर इंग्रज! ब्राउझर मग त्या शब्दाला हात लावत नाही. शब्द चौकटीबाहेर पाय पसरतो आणि वैतागलेला पान बनवणारा 'ब्रेक-ऑल' नावाचा दुसरा नियम काढतो. नावातच स्वभाव आला. हा जागा मिळेल तिथे तोडतो आणि रेघसुद्धा घालत नाही. शिवाय युनिकोडच्या सर्वसाधारण नियमात अक्षराचा तुकडा म्हणजे काय, याची जी व्याख्या होती, तिच्यात 'स्त्री'चे तीन तुकडे पडत. जोडाक्षर अखंड धरावं हे तिथे २०२३ साली ठरलं. आपल्याकडे पहिलीतल्या बाई ते केव्हापासून सांगताहेत.

बरं, भाषा नीट सांगितली तरी मराठीच्या तयार नियमांना अक्षर कळतं, शब्द कळत नाही. अक्षर पुरं झालं की मोडायला हरकत नाही, एवढीच त्यांची समजूत. आपण 'कर-मणूक' म्हणतो. त्यांना 'क-रमणूक'ही तितकीच गोड. कोपरखैरणे 'कोपर' पाशी मोडलं तर निदान अवयव तरी हाती लागतो. आमच्या वाशीला दोनच अक्षरं. ती मोडली तर वरच्या ओळीत 'वा' आणि खालच्या ओळीत 'शी'. आधी कौतुक, मग लगेच नाक मुरडणं!

इथपर्यंत हसून घ्या. पण वाशीची गाडी खाडीपुलावर असताना उभ्या उभ्या, एका अंगठ्यानं पान सरकवत बातमी वाचणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. 'बे-' वरच्या ओळीबरोबर निघून गेलं आणि समोर उरलं 'कायदेशीर बांधकाम'. घर घ्यायला निघालेल्यानं काय समजावं? स्थळांच्या जाहिरातीत 'अ' वर लटकला, तर खाली 'विवाहित' वर उभा. आमच्या धंद्यातला शब्द तर विचारूच नका: 'गैर-' वर गेलं की खाली निव्वळ 'व्यवहार', आणि ठेवीदार निश्चिंत. छापील पानावर वरची ओळ निदान डोळ्यांसमोर राहते. इथे ती पडद्याबाहेर जाते.

मानकांना मी सरसकट नापास करणार नाही. त्यांनी एक सुशील चिन्ह ठेवलेलं आहे, मृदू संयोगचिन्ह. शब्दात आपण हव्या त्या जागी ते लपवून ठेवायचं. गरज नसली तर दिसत नाही. शब्द तिथे मोडलाच, तर रेघ बनून उभं राहतं. भाषा सांगायचीही अट नाही. फक्त ते कुठे लपवायचं हे ठरवायला मराठी येणारा माणूस लागतो, म्हणजे पुन्हा तो जुळारीच. तो 'गैरव्यवहार'मध्ये 'गैरव्यव-' नंतर ते ठेवील. खाली 'हार' उरेल, पण तो कुणाच्या गळ्यात पडला ते पुढचं वाक्य सांगेलच.